तीन पावलांची भाषा

या शहरात सगळे माझ्याच भाषेत बोलतात, आणि तरीही संध्याकाळी घरी येऊन चपला काढताना मला वाटतं, आज दिवसभर आपण तोंड उघडलंच नाही. हे मी एकदा मुलाजवळ बोलले. तो म्हणाला, "सकाळपासून माझं डोकं खाल्लंस, आणि म्हणे तोंड उघडलं नाही!" तेही खरंच.

मला आठवण येते तिकडच्या भाषेची. सव्वीस वर्षं मी परदेशात एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घातल्या. चाळिसाव्या वर्षी गेले तेव्हा त्या भाषेत प्यायला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. सहासष्टाव्या वर्षी परतले तेव्हा स्वप्नंही तिच्यातच पडत होती. यजमान तिथल्याच एका गोदामात कामाला होते. ते गेले, मुलगा न्यायला आला, आणि आठ दिवसांत सगळं घर दोन बॅगांत बसलं. त्याला आता सहा वर्षं झाली. आठ महिन्यांपूर्वी मुलाची या शहरात बदली झाली. तो बस डेपोत वेळापत्रकं बनवतो, सून औषधाच्या दुकानात आहे. दोघं सकाळी बाहेर पडली की मीही पडते. मुलानं मला पास काढून दिला आहे, आणि एका कागदावर बसचे नंबर लिहून दिले आहेत: कुठली कुठे जाते, परतीची शेवटची केव्हा. त्या कागदाच्या जोरावर मी हे शहर बघते. चढाचे रस्ते, किल्ल्या बनवणाऱ्यांची गल्ली, पुलाखालचा जुन्या फर्निचरचा बाजार. दिसेल त्याचं नाव मनातल्या मनात तिकडच्या भाषेत घेते. मग कधी जिन्याला तिकडे काय म्हणतात तेच आठवत नाही, आणि मी त्या जिन्यावरच बसते. लोकांना वाटतं, म्हातारी दमली.

दमलेली असतेच. त्या भाषेत दमण्याला तीन शब्द होते. पायांनी दमणं वेगळं, डोक्यानं दमणं वेगळं, आणि माणसांना दमणं आणखी वेगळं. त्यातला मधला मला दोन महिन्यांपासून आठवत नाहीये.

असं सगळं चाललेलं असताना एका शनिवारी मुलाच्या फोनवर तिकडून निरोप आला. शिडीच्या भाचीचा.

शिडी म्हणजे माझी लाँड्रीतली जोडीदारीण. चादरीच्या घडीला दोघी लागतात, आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या समोरचं टोक तिच्या हातात होतं. ती एवढी उंच की मी मनात तिला शिडी म्हणायची. पुढे तोंडावरच म्हणायला लागले; तिला अर्थ कुठे कळत होता? तिला नाव इतकं आवडलं की तिनं लाँड्रीभर सगळ्यांना तेच म्हणायला लावलं. अर्थ मी बारा वर्षांनी सांगितला. तिनं आठवडाभर अबोला धरला आणि मग म्हणाली, राहू दे आता, सवय झाली.

भाचीनं लिहिलं होतं: मावशीच्या घशाचं ऑपरेशन आहे, येत्या मंगळवारी नाही, पुढच्या. त्यानंतर तिला बोलता येणार नाही, कधीच. त्याआधी तिला तुमच्याशी एकदा बोलायचंय. लाँड्रीच्या जुन्या रजिस्टरात तुमच्या मुलाचा नंबर सापडला.

मुलानं वाचून दाखवलं आणि लगेच फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून खरखरीत आवाज आला. ओळखू येण्यासारखा नव्हता, पण हाक मारायची पद्धत तीच. मी 'हो' म्हटलं. एवढंच. पुढे काही येईना. सगळं बोलणं घशापर्यंत आलेलं आणि शब्द एकही नाही. ती म्हणाली, "आहेस का?" मी पुन्हा 'हो' म्हटलं. तिचा श्वास ऐकू येत होता. मी फोन बंद केला.

"कट झाला?" मुलानं विचारलं.

"मी केला."

"का गं?"

"नाही बोलता आलं."

मला तिला एकच गोष्ट सांगायची होती. मी निघाले तेव्हा ती दोन आठवड्यांच्या रजेवर होती, आणि मी तिला न सांगता निघून आले. तिचं घर मला माहीत होतं. दोन बस बदलून जाता आलं असतं. मी गेले नाही. ती रडेल आणि मग आपला पाय निघणार नाही, असं स्वतःलाच समजावलं. पोचल्यावर फोन करू म्हटलं. मग आज करू, उद्या करू. सहा वर्षं आज-उद्यात गेली. तिची माफी मागायची होती, आणि मागितल्यावर ती काय म्हणते ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. त्याला आता दहा दिवस उरले होते.

मुलानं उपाय काढला. "तू आपल्या भाषेत बोल. फोन भाषांतर करतो. बोलूनसुद्धा दाखवतो."

"कुणाच्या आवाजात?"

"असतो एक. बाईचा आहे, पुरुषाचा आहे."

"शिडीला माझ्याशी बोलायचंय. त्या फोनमधल्या बाईला ती ओळखते का?"

सून स्वयंपाकघरातून हसली. "आई बरोबर बोलताहेत. तुम्ही मला लग्नाचं विचारायला फोनमधल्या बाईला पाठवलं असतंत, तर मी तिच्याशीच संसार केला असता. निदान ती टॉवेल जागेवर ठेवते."

मुलगा हसला नाही. "सव्वीस वर्षं चादरींच्याच तर घड्या करत होतीस तू," तो म्हणाला. "एवढं काय त्या भाषेचं? माझ्याशी बोलायला कधी एवढी तडफडलीस?"

तिकडे कामगारांना मुलं न्यायची परवानगी नव्हती. तो नऊ वर्षांचा असताना त्याला जाऊबाईंकडे ठेवून मी यजमानांबरोबर गेले. पहाटेची गाडी होती. जाऊबाई म्हणाल्या, उठवू नकोस त्याला, रडून गोंधळ घालेल. मी नाही उठवलं. मग दोन-तीन वर्षांनी एकदा महिनाभर यायचं, आणि प्रत्येक वेळी दारात थोडा जास्त उंच झालेला एक मुलगा उभा, जो मला "बस ना" म्हणायचा. घरच्या माणसाला कुणी "बस ना" म्हणतं का?

भाचीनं पुन्हा लिहिलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, पाच-दहा मिनिटं बोलू द्यायला डॉक्टर तयार आहेत. त्यानंतर नाही.

रविवारपासून मी शहर वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. तिकडची भाषा बोलणारं एक तरी माणूस एवढ्या वस्तीत असेलच. त्याच्याशी दोन दिवस बोलले तर जीभ सुटेल, असा माझा हिशेब. कागदावरच्या पहिल्या नंबरपासून सुरुवात केली. परदेशी सामानाच्या दुकानात गेले. तिथल्या डब्यांवर ती भाषा होती, गल्ल्यावरच्या माणसाच्या तोंडी नव्हती. मोठ्या वाचनालयात गेले. शब्दकोश होता, पण तो काही उलटून बोलत नाही. शिवाय मला ती भाषा लिहिता-वाचता कधी आलीच नाही. प्रवास कंपनीच्या ऑफिसात एक टक्कल पडलेले गृहस्थ होते. ते म्हणाले, "या ना, बसा. त्या देशात कधी जायचंय?"

"जायचं नाही. बोलायचंय."

त्यांनी माझ्याकडे आणि मग दाराकडे पाहिलं, कुणी माझ्याबरोबर आलं आहे का ते बघायला. पण माणूस भला निघाला. त्यांनी स्टेशनसमोरच्या एका मोठ्या हॉटेलचं नाव सांगितलं. तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलीनं म्हणे ती भाषा शिकून घेतली होती.

सोमवारी गेले. मुलगी गोड होती. तिला एकूण चार वाक्यं येत होती: आपलं स्वागत आहे, आपली खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, न्याहारी आठ वाजता, आपण पुन्हा यावं. ती चारही तिनं मला म्हणून दाखवली. ऐकून माझे डोळे भरले. मी काहीतरी उत्तर द्यायला गेले आणि पुन्हा तेच. ती हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत राहिली, आणि ती जेवढी वाट बघेल तेवढी मी मुकी. बाहेर येऊन बसथांब्यावर बसले तेव्हा मनाशी कबूल केलं: अडचण माणूस सापडण्याची नाही. माझं तोंडच मिटलं आहे.

परतीची बस चुकीची पकडली. मुलाच्या कागदावर नंबर नीट लिहिलेला होता. डोळे दमले होते, एवढंच. सरकारी इस्पितळाच्या मागे उतरले. तिथे पेशंटच्या नातेवाइकांसाठी स्वस्त लॉज आहेत, ओळीनं. त्यांच्यामागच्या बोळातून जाताना एक आवाज आला आणि मी जागच्या जागी थांबले. ओली नाही, कोरडी, गरम चादर झटकल्याचा आवाज. तो आवाज मी दुसऱ्या कशाचाही समजणं शक्य नव्हतं.

दार उघडं होतं. आत वाफ, ब्लीचचा वास, दोन मोठी यंत्रं घरघरत होती. टेबलापाशी दोन बाया, जी ती आपापली चादर हनुवटीखाली धरून एकटीनं घडी घालत होती. मला राहवेना.

"अशी जमिनीला लागते ती," मी म्हटलं.

त्यातल्या धिप्पाड बाईनं मला खालून वरपर्यंत पाहिलं. "लागते तर लागते. तुम्ही निरीक्षक आहात का?"

"नाही. एक टोक द्या इकडे."

"का हो मावशी, घरी चादरी नाहीत?"

"घरी दोनच आहेत."

दुसरी खो खो हसायला लागली. धिप्पाड बाईला तिथे सगळे वकीलबाई म्हणत, कारण मालकापासून पाणीवाल्यापर्यंत कुणाशीही ती वाद घाली आणि जिंकी. तिनं मला टोक दिलं, बहुधा गंमत बघायला.

घडीची रीत अशी. चारी टोकं दोघींनी धरायची, ताणायची, एक झटका. लांबीत दुमडायची, पुन्हा दुमडायची, आणि तीन पावलं चालत एकमेकींजवळ यायचं. आपल्याकडची टोकं समोरचीच्या हातात द्यायची, वाकून मधली दुमड उचलायची. मग पुन्हा तीन पावलं मागे, नवी चादर. तिकडच्या लाँड्रीत यंत्रांचा आवाज इतका होता की लांबून काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यामुळे बोलायचं ते फक्त टोकं जुळताना, तोंडं वीतभर अंतरावर असताना. मी एक वाक्य बोलायचं, मागे जायचं. शिडीचं उत्तर पुढच्या चादरीला. पुढच्या वाक्याची जुळवाजुळव करायला मला तीन पावलं मागे, तीन पुढे आणि मध्ये एक झटका, एवढी सवड असायची. सव्वीस वर्षं मी अशीच बोलले. जेवायच्या सुट्टीत आम्ही दोघी समोरासमोर बसून मुकाट जेवायचो आणि परत येऊन चादर उचलली की गप्पा सुरू. फोनवर माणूस सतत वीतभर अंतरावर असतो. मागे जायला जागाच नसते.

हे मला त्या बोळातल्या लाँड्रीत चौथ्या-पाचव्या चादरीला कळलं. टोकं वकीलबाईच्या हातात देताना माझ्या तोंडून आपोआप एक वाक्य निघालं, तिकडच्या भाषेत, अख्खं. "आज पाठ मेली माझी." रोजचं वाक्य होतं ते.

"काय म्हणालात?" वकीलबाई म्हणाली.

"पाठ मेली म्हटलं."

"कुठल्या भाषेत मेली?"

मी सगळं सांगितलं. चादरी चालू ठेवूनच सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "मग बोला की मावशी. मला काही कळणार नाही, म्हणजे मी कुणाला सांगणारही नाही." मालक कोपऱ्यात पावत्या लावत होता. त्याला फुकटचे दोन हात मिळत होते. तो कशाला नाही म्हणतो. फक्त एवढं बजावलं: स्वच्छ चादर डावीकडच्या गाडीत, ती थेट लॉजवर जाते. डाग दिसला तर उजवीकडच्या टबात, पुन्हा धुवायला.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. सकाळी दहाची बस, चारला परत. घरी सांगितलं, शहर बघते आहे. खांदे भरून यायचे, रात्री कूस बदलता यायची नाही. पण भाषा येत होती. आधी सवयीची वाक्यं आली, मग शिव्या आल्या. शिडीच्या शिव्या फार सुरेख होत्या. मग गुरुवारी लांबलचक वाक्यं. शुक्रवारी मी वकीलबाईला माझ्या यजमानांच्या शेवटच्या दिवसांची हकीगत सांगितली, जी मी आपल्या भाषेत आजवर कुणालाही सांगितलेली नाही. तिला अक्षर कळत नव्हतं, तरी मधेच ती "अगं आई" म्हणाली, अगदी बरोबर जागी. आम्ही ठरवलं, सोमवारी दुपारी फोन इथूनच करायचा. ती चादर धरणार, मी बोलणार.

शनिवारी सकाळी गेले तर लॉजचा मॅनेजर एक चादर फडकवत मालकावर ओरडत होता. चादरीवर आयोडिनचा हातभर पिवळा डाग. अशा अकरा निघाल्या होत्या. एक पाहुणे म्हणे बायको-मुलांसह पैसे भरलेल्या खोलीतून उठून गेले.

चादर बघितल्यावरच मला कळलं. तिकडे आमच्या इस्पितळात डागाची चादर डावीकडे टाकायची रीत होती. पहिले दोन दिवस मी लक्ष ठेवून होते. पण जसजशी भाषा परत येत गेली तसतसे हातही परत तिकडेच गेले. शुक्रवारी यजमानांचं सांगता सांगता डोळ्यांनी डाग बघितला आणि हातांनी सव्वीस वर्षांच्या सवयीनं चादर डावीकडे टाकली, अकरा वेळा.

"मी टाकल्या," मी म्हटलं.

"मावशी, तुम्ही गप्प बसा," वकीलबाई पुढे झाली. "मालक, गाडी भरताना तुम्ही काय डोळे मिटून भरता? चार दिवस फुकट राबवून घेतलंत तेव्हा मावशी गोड लागली. आता कडू?"

"तुला कुणी विचारलं?"

"मला विचारावं लागत नाही."

पण या खेपेला ती हरली. मालक माझ्याशी ओरडून बोलला नाही, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाला, "मावशी, वय झालं तुमचं. घरी आराम करा. उद्यापासून नको." बाहेर आले. वकीलबाई बोळाच्या तोंडापर्यंत सोडायला आली, आणि माझा खांदा दाबून परत गेली. तिथेच तो दुखत होता.

घरी येऊन मी पलंगावर पडले ती रविवारी दुपारीच उठले. त्या दिवसाइतकी दमल्याचं मला आठवत नाही. सून गरम पाण्याची पिशवी घेऊन आली, माझे हात हातात घेतले आणि वास घेतला.

"आई, हा ब्लीचचा वास आहे. शहरात नेमकं काय बघत होतात तुम्ही?"

सगळं सांगावं लागलं. शिडीला न सांगता आले तेही, माफीचंही. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"आम्ही असताना तू लोकांच्या चादरींच्या घड्या करत होतीस? या वयात?"

"तुला चादर धर म्हटलं असतं तर धरली असतीस?"

"विचारलं होतंस का?"

सून म्हणाली, "आता विचारा ना मग. उद्या दुपारी दुकानात माझी पाळी आहे, मला सुट्टी नाही. यांना अर्धी रजा मिळते." आणि आमच्या दोघांकडे न बघता पिशवीतलं पाणी बदलायला निघून गेली.

सोमवारी तो साडेबाराला आला. शर्टही बदलला नाही. टेबल भिंतीला सरकवलं, तेव्हा कपाटापासून खिडकीपर्यंत कशीबशी तीन पावलांची जागा झाली. फोन खिडकीत ठेवला, स्पीकर लावला. त्याला मी रीत शिकवली. दोन टोकं धर. ताण. झटका. ये. दे. त्याचे हात माझ्या हातांपेक्षा कितीतरी मोठे आहेत, हे मला तेव्हा दिसलं. घरात चादरी दोनच होत्या. घडी झाली की उलगडायची आणि पुन्हा तीच घालायची.

"हे वेड्यासारखं आहे," तो म्हणाला.

"आहेच. कोपरा सोडू नकोस."

एक वाजता शिडीचा आवाज आला. त्या दिवसापेक्षाही खाली गेलेला. तिचं बोलणं इथे आपल्या भाषेत लिहिते. तसं ते उतरत नाही, पण इलाज नाही.

"त्या दिवशी फोन आपटलास," ती म्हणाली.

झटका. तीन पावलं. मुलाचा चेहरा समोर. "आपटला नाही," मी म्हटलं. "शब्द संपले होते."

"मग? आणलेस का कुठून?"

मागे. ताण. पुढे. "आणले. पाठ मोडली आणता आणता."

"तो फटकारा कसला?"

"चादर. मुलाबरोबर घड्या घालते आहे."

पलीकडे एक घरघर. ती हसत होती. "जमतं का त्याला?"

"कुठलं. कोपरे सोडतो."

"माझ्याबद्दल बोलताय का?" मुलानं विचारलं.

"तू टोक धर."

तीन पावलं मागे गेले. एवढ्यात ते वाक्य जुळवायचं होतं. ते मी गुरुवारपासून घोकत होते, पण घोकलेलं काही निघालं नाही, साधंच निघालं. टोकं मुलाच्या हातात देताना मी म्हटलं, "मी तुला न सांगता निघून आले. तू रडशील अशी भीती वाटली. चुकलं माझं."

मुलगा टोकं धरून माझ्याकडे बघत उभा होता. मी मागे जायला हवं होतं, गेले नाही.

"ठाऊक आहे," शिडी म्हणाली. "रजेवरून आले तर तुझ्या जागी एक पोरगी उभी. तिच्याशी मी दोन वर्षं धड बोलले नाही. बिचारीचा काही दोष नव्हता." खोकला आला. मग पुन्हा, "मी रडले असते? मी? तू रडली असतीस. तुला तुझीच भीती होती."

ती थांबली नाही. उरलेला वेळ तिनं गुडघ्याबद्दल सांगितलं, भाचीच्या हातच्या अळणी जेवणाबद्दल, नव्या यंत्राबद्दल जे चादरींची घडी स्वतःच घालतं आणि दर मंगळवारी बंद पडतं. रागावलेली होती की नव्हती, कळलं नाही. बहुधा होती, आणि मग गुडघा दुखायला लागल्यावर तेवढं त्राण राहिलं नसेल. भाचीचा आवाज आला, पुरे आता. शिडी घाईनं म्हणाली, "ऐक. घसा जातोय, कान नाहीत जात. तू फोन करत जा. तू बोल, मी ऐकेन." आणि फोन बंद झाला.

मी खिडकीला टेकून उभी राहिले. खाली रस्त्यावर बस थांबली आणि गेली.

"झालं?" मुलानं विचारलं.

"झालं."

"माफ केलं का तिनं?"

"माहीत नाही. फोन करत जा म्हणाली."

त्यानं मान हलवली. चादर अजून त्याच्या हातात होती, टोकं जुळलेली, मधली दुमड जमिनीवर लोळत. डेपोत परत जायची वेळ झाली होती, पण तो हलला नाही.

"तिला सांगायला एवढी वणवण केलीस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या वेळी का नाही उठवलंस?"

या वाक्याची जुळवाजुळव करायला मला कुणी पावलं दिली नव्हती, आणि भाषा माझी स्वतःची होती. तरी मला वेळ लागला.

"तू झोपला होतास," मी म्हटलं. "जाऊबाई म्हणाल्या, रडशील. आणि मला..." पुढे जमेना.

"नव्हतो झोपलो."

मी त्याच्याकडे बघितलं.

"सगळं ऐकू येत होतं. बॅगेची चेन अडकली होती, बाबांनी ओढून लावली. तू दोनदा दारापर्यंत येऊन परत गेलीस."

"मग उठला का नाहीस रे?"

"तुझी गाडी चुकली असती," तो म्हणाला.

मी तिथेच, सरकवलेल्या टेबलाच्या कडेला, जमिनीवर बसले. बत्तीस वर्षं. तो चादर बाजूला ठेवून माझ्याशेजारी येऊन बसला, भिंतीला पाठ लावून. दोघांचेही हात दुखत होते. त्यानं डेपोत फोन करून सांगितलं की आज परत येत नाही, आणि मी, जसं येईल तसं, मागे-पुढे होत, सांगायला सुरुवात केली.